सोनेरी ढगांखालचे जहाज

कोबे शहरात पत्ता विचारणाऱ्याला उत्तर-दक्षिण अशी दिशा क्वचितच सांगितली जाते. उत्तरेला रोक्को पर्वताची रांग, दक्षिणेला समुद्र आणि मध्ये लांबट, अरुंद पट्टीसारखे वसलेले शहर. त्यामुळे 'डोंगराच्या बाजूला वळा' किंवा 'समुद्राच्या बाजूला जा' एवढे सांगितले की काम भागते. सान्नोमिया स्थानकातून डोंगराच्या बाजूला चढत गेले की कितानो भाग लागतो. तेथे १९८५ साली उभारलेले भगवान महावीरस्वामींचे शुभ्र संगमरवरी जिनालय आहे. मोत्यांच्या व्यापारासाठी आलेल्या जैन कुटुंबांनी ते बांधले. जपानला जाणारी भारतातील बहुतेक जैन मंडळी त्या मंदिराच्या दर्शनासाठी कोबेला एक दिवस ठेवतात आणि दर्शन झाले की पुढच्या गाडीने निघतात.

त्याच स्थानकातून समुद्राच्या बाजूला दहा-पंधरा मिनिटे चालत गेले तर दुसरी एक वास्तू दिसते. तिची फारशी माहिती यात्रेकरूंना नसते. दर्शनी भागात उंच दगडी खांब असलेली ही इमारत १९३५ साली योकोहामा स्पेशी बँकेच्या कोबे शाखेसाठी बांधली गेली. जपानच्या परदेशी व्यापाराच्या हुंड्या वटवणारी ही पेढी. मुंबईतही तिची शाखा होती. १९८२ पासून या इमारतीत कोबे नगर संग्रहालय आहे. जेथे एकेकाळी व्यापाऱ्यांचा पैसा ठेवला जात असे, तेथे आता व्यापाराचेच एक जुने चित्र जपून ठेवले आहे. सुमारे चारशे वर्षांपूर्वी कानो नाइझेन या चित्रकाराने रंगवलेली घडीच्या पडद्यांची ही जोडी आहे. एका जहाजाचे परक्या बंदरातून निघणे आणि जपानच्या किनाऱ्याला पोहोचणे, हा तिचा विषय. त्या काळी अशी जहाजे गोव्याहून निघत.

वाऱ्याला अडवणारी भिंत

या पडद्याला जपानी भाषेत 'ब्योबू' म्हणतात. शब्दाचा अर्थच वाऱ्याचा आडोसा असा आहे. जपानी घरात पक्क्या भिंती थोड्या आणि सरकती दारे पुष्कळ. हिवाळ्यात कोठून तरी गार वारा शिरणारच. तो अडवण्यासाठी, मोठ्या दालनात एखादा कोपरा निराळा करण्यासाठी, पाहुण्यांच्या पाठीमागे शोभेसाठी हा पडदा उभा केला जाई. काम झाले की घडी करून तो कोठीत ठेवता येई.

त्याची बांधणी पाहण्यासारखी असते. हलक्या लाकडाच्या पट्ट्यांची जाळी करतात आणि तिच्यावर हाताने बनवलेल्या कागदाचे एकावर एक थर चिकटवतात. त्यामुळे फळी ताठ राहते, तरी वजनाला हलकी असते. अशा सहा फळ्या एकमेकींना जोडल्या की एक पडदा तयार होतो, आणि असे दोन पडदे मिळून एक जोडी होते. जुन्या काळी प्रत्येक फळीला रेशमी किनार लावून फळ्या दोरीने बांधीत. त्यामुळे चित्र प्रत्येक फळीपाशी तुटे. पुढे चौदाव्या शतकाच्या सुमारास कागदाच्याच बिजागऱ्या आल्या. या बिजागरीमुळे फळी पुढेही दुमडते आणि मागेही, आणि दोन फळ्यांमध्ये फट राहत नाही. कागदाच्या त्या साध्या युक्तीने चित्रकाराला सहा फळ्यांचे सलग मैदान मिळाले. धातूची बिजागरी गंजते, कुरकुरते. कागदाची बिजागरी शतकानुशतके निमूटपणे वळत राहते.

नाइझेनच्या जोडीतील प्रत्येक पडदा सुमारे दीड मीटर उंच आणि साडेतीन मीटरांहून अधिक रुंद आहे. तो सरळ ताणून उभा करीत नाहीत. नागमोडी घडीत उभा करतात. म्हणून समोरून चालत जाणाऱ्याला चित्र बदलत गेल्यासारखे वाटते. एका कोनातून जहाज पुढे येते, तर दुसऱ्या कोनातून बंदरावरची गर्दी. पार्श्वभूमीवर सोन्याच्या वर्खाचे ढग आहेत. वर्खाचे चौकोनी तुकडे जेथे एकमेकांवर चढतात, तेथे बारीक रेषा दिसतात. विजेच्या दिव्याखाली हे सोने थोडे भडक वाटते, परंतु ते तेलाच्या मंद दिव्यासाठी आणि चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेसाठी केलेले होते. अंधाऱ्या दालनात तेच सोने दिव्याचा उजेड परतवून खोलीभर पसरवी.

अशा पडद्यांतील हिरवा आणि निळा रंग खनिजांची पूड करून मिळवीत. पांढरा रंग शिंपल्यांच्या भुकटीचा, आणि ही सगळी रंगद्रव्ये कागदावर धरून ठेवणारा डिंक जनावराच्या कातड्यापासून काढलेला असे. अहिंसेचा आचार पाळणाऱ्या वाचकाला हा तपशील खटकेल, आणि तो खटकावाच. सुंदर वस्तू कशाची बनली आहे, हा प्रश्न चित्रापुढेही विचारायला हरकत नसते. या पडद्याच्या बाबतीत तर तो प्रश्न रंगांपाशी संपत नाही.

निघणे आणि पोहोचणे

डावीकडच्या पडद्यावर परदेशातील एक बंदर आहे. किनाऱ्यावरच्या इमारतींचे आकार काहीसे चिनी, काहीसे कल्पनेतले. शिडे उभारली जात आहेत, खलाशी दोरखंडांवर चढले आहेत आणि किनाऱ्यावर निरोप देणारे लोक जमले आहेत. त्या गर्दीत एक हत्तीही आहे. चित्रकाराने हे बंदर स्वतः पाहिलेले नव्हते. कोणी ते गोवा समजतात, कोणी मकाव. चित्रकाराला बहुधा 'समुद्रापलीकडचा देश' एवढेच दाखवायचे असावे. हत्ती मात्र जपानमध्ये अगदीच अपरिचित नव्हता. १५९७ साली फिलिपिन्सच्या स्पॅनिश राज्यपालाकडून सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीला एक हत्ती भेट आला होता, आणि नाइझेन हा हिदेयोशीच्याच आश्रयाला असलेला चित्रकार.

उजवीकडच्या पडद्यावर जहाज पोहोचले आहे. हे नागासाकी. मोठे काळपट जहाज नांगर टाकून उभे आहे, होड्यांतून माल किनाऱ्याला येत आहे आणि जहाजाचा मुख्य कप्तान आपल्या लवाजम्यासह रस्त्याने चालला आहे. फुगीर तुमानी, उंच टोप्या, लांब नाके असलेल्या या परदेशी मंडळींना जपानी लोक 'नानबान', म्हणजे दक्षिणेकडून आलेले रानटी लोक, म्हणत. पुढे काळ्या झग्यांतील ख्रिस्ती धर्मगुरू त्यांच्या स्वागताला उभे आहेत. जपानी छपराच्या एका घरातच चर्च आहे. दुकानांच्या दारांतून स्थानिक लोक डोकावून ही मिरवणूक पाहत आहेत. कोणत्याही बंदरात मोठे जहाज लागल्यावर जे कुतूहल आणि जी लगबग उडते, ती येथे चेहऱ्याचेहऱ्यांवर आहे.

नाइझेनचे स्वतःचे आयुष्यही एका मोडलेल्या घरापासून सुरू झाले. त्याचा जन्म १५७० चा. त्याचे वडील आराकी मुराशिगे या सरदाराच्या पदरी होते. १५७९ साली त्या सरदाराचा किल्ला पडला आणि त्याच्या आश्रयाला असलेली घराणी उघड्यावर आली. या मुलाला पुढे कानो घराण्याच्या चित्रशाळेत जागा मिळाली, आणि योग्यता सिद्ध केल्यावर त्या घराण्याचे नाव लावण्याचा मानही मिळाला. शस्त्रावर जगणाऱ्या घरातील मुलाने पुढे कुंचल्यावर आयुष्य काढले आणि जगाच्या लक्षात राहिले ते एका व्यापारी जहाजाचे चित्र.

एका जहाजाचा हिशेब

हे जहाज काय घेऊन येई, हे व्यापारी घरांतील वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला प्रथम पोहोचले. १५७१ पासून नागासाकी हे त्यांचे ठरलेले बंदर झाले. पोर्तुगीज सत्तेची पूर्वेकडील राजधानी गोवा. तेथून मोसमी वाऱ्यांचा अंदाज घेऊन जहाज निघे, मलाक्का करून मकावला पोहोचे, तेथे चिनी कच्चे रेशीम भरण्यासाठी महिनोन्‌महिने थांबे आणि पुढच्या उन्हाळी वाऱ्याबरोबर नागासाकी गाठी. परतताना जहाजात जपानी चांदी असे. जाऊन-येऊन या फेरीला दोन-तीन वर्षे लागत.

नफ्याचे मूळ साधे होते. चीनला चांदीची भूक होती आणि जपानच्या खाणींत चांदी मुबलक होती. जपानच्या श्रीमंतांना चिनी रेशीम हवे होते. परंतु चीनच्या मिंग राजवटीने जपानशी थेट व्यापार करायला बंदी घातली होती. दोन शेजाऱ्यांचे बोलणे बंद झाल्यावर मधल्या माणसाचे फावते, तसे पोर्तुगिजांचे फावले. दूर लिस्बनमधून आलेली माणसे दोन शेजारी देशांतील दलाल झाली. जपानी व्यापाऱ्यांनाही हे कळत होते. १६०४ साली तोकुगावा इएयासूने क्योतो, साकाई आणि नागासाकी या तीन शहरांतील व्यापाऱ्यांचा एक संघ नेमला. जहाजातील कच्च्या रेशमाचा भाव या संघाने एकदाच ठरवायचा, सर्व माल एकत्र घ्यायचा आणि मग आपसांत वाटायचा, अशी पद्धत सुरू झाली. एकेकट्याने बोली लावून भाव चढवण्यापेक्षा एकत्र बसून भाव ठरवणे शहाणपणाचे, हे जगभरच्या बाजारांतील जुने ज्ञान तेथेही उपयोगी पडले.

या दर्यावर्दी संबंधाच्या खुणा भाषेत अजून आहेत. जपानी माणूस पावाला 'पान' म्हणतो आणि मराठी माणूस 'पाव'. दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे. तंबाखूला जपानीत 'ताबाको' म्हणतात. भारतातील छापील सुती कापड जपानला पोहोचले आणि 'सारासा' या नावाने इतके आवडते झाले की त्याचे छोटे तुकडेसुद्धा चहाच्या मौल्यवान भांड्यांच्या पिशव्यांसाठी जपून वापरले जात.

छत्र धरणारा

पुन्हा उजवीकडच्या पडद्याकडे वळावे लागते, कारण त्यातील एक माणूस नजरेआड करता येत नाही. कप्तान रस्त्याने चालला आहे आणि त्याच्या डोक्यावर मोठे छत्र आहे. ते छत्र धरणारा माणूस काळ्या वर्णाचा आहे. जहाजाच्या दोरखंडांवर लोंबकळणाऱ्या खलाशांतही असे कितीतरी जण आहेत. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणि भारतातून पोर्तुगिजांच्या जहाजांवर आलेली ही माणसे. त्यांतील काही मोलाने काम करणारी, पुष्कळशी मात्र विकत घेतलेली. गोव्यातील पोर्तुगीज घरांत गुलामांची संख्या हे प्रतिष्ठेचे माप होते. जपानच्या बंदरांतूनही गरीब जपानी माणसे विकली जात होती. या विक्रीबद्दल हिदेयोशीने १५८७ साली धर्मगुरूंना जाब विचारला होता.

रेशीम, चांदी, घोडे, हत्ती यांच्याबरोबर माणसेही या जहाजाच्या मालात होती. चित्रकाराने त्यावर भाष्य केलेले नाही. त्याने फक्त जे दिसले किंवा ऐकले ते रंगवले. पण छत्राचा दांडा धरलेले हात त्याने गाळले नाहीत.

जैन परंपरेत छत्राला निराळा अर्थ आहे. तीर्थंकरांच्या मस्तकावर त्रिछत्र असते. ते सत्तेचे नव्हे, सत्ता सोडल्याचे चिन्ह आहे. श्रावकाच्या अणुव्रतांमध्ये अहिंसेच्या अतिचारांची जी गणना येते, तिच्यात बांधून ठेवणे, मारणे, अंग छाटणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी तोडणे ही पाच नावे आहेत. श्रावकाने कोणता व्यवसाय करू नये, याची जी पंधरा कर्मादानांची यादी आहे, तिच्यात केसांच्या व्यापाराचे नाव येते. टीकाकारांनी त्याचा अर्थ दास-दासी आणि पशू यांची विक्री असा सांगितला आहे. नफा किती झाला याआधी नफा कशातून झाला, हे विचारायला लावणारी ही यादी या पडद्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. श्रीपाळराजाच्या कथेतील धवलशेठ हाही पाचशे जहाजांचा धनी. पण ओळीच्या दिवसांत घरोघर वाचल्या जाणाऱ्या त्या कथेत त्याची जहाजे नव्हे, त्याची हाव स्मरणात राहते. नागासाकीच्या चित्रातील कप्तानाकडे पाहताना धवलशेठ आठवला तर त्यात नवल नाही.

बंदराच्या पेढीवरचा शुभशकुन

असे 'नानबान' पडदे आज सुमारे नव्वद शिल्लक आहेत. त्यांतील काही परदेशांत गेले आहेत. लिस्बनच्या राष्ट्रीय संग्रहालयात नाइझेनचीच अशी आणखी एक जोडी आहे. मात्र जपानमध्ये हे पडदे केवळ सरदारांच्या वाड्यांत नव्हते. बंदरगावांतील जहाजमालक आणि अडते यांच्या घरांतही ते सापडले. जपानी समजुतीत नव्या वर्षी सात भाग्यदेवता खजिन्याने भरलेल्या जहाजातून येतात. परदेशी मालाने लादलेले हे काळे जहाज व्यापाऱ्यांना तसेच शुभ वाटले. पेढीच्या दालनात तो पडदा उभा करणे म्हणजे 'माल सुखरूप येवो' अशी मूक प्रार्थनाच.

क्योतोत आजही जुलै महिन्यात गिऑन उत्सवाच्या वेळी जुन्या व्यापारी घराण्यांत एक रीत पाळली जाते. रस्त्याकडेच्या दालनाची जाळीदार दारे काढली जातात आणि घरातील पिढीजात पडदे मांडले जातात. रस्त्याने जाणाऱ्या कोणीही थांबून पाहावे. वर्षभर कोठीत असलेली ठेव त्या दोन-तीन संध्याकाळी सगळ्या गावाची होते.

भारतातील जैन संघांकडेही त्याच काळात बाजार आणि माणसे यांची लांबलचक चित्रे रंगवली जात होती. चातुर्मासासाठी आचार्यांना आमंत्रण देणारी विज्ञप्तिपत्रे ही ती चित्रे. आग्र्याच्या संघाने १६१० साली आचार्य विजयसेनसूरी यांना पाठवलेले, शालिवाहन या चित्रकाराने रंगवलेले विज्ञप्तिपत्र प्रसिद्ध आहे. पर्युषणात प्राणिहत्या थांबवण्याच्या जहांगीर बादशहाच्या फर्मानाचा प्रसंग त्यात आहे. नाइझेनचा पडदा आणि शालिवाहनाचे पत्र यांच्यात फार तर दहा-पंधरा वर्षांचे अंतर असावे. जपानी बंदरात जहाजाच्या आगमनाचे चित्र उभे राहिले, आणि आग्र्याच्या व्यापाऱ्यांनी जीव वाचल्याचे चित्र आपल्या गुरूंकडे धाडले. दोन्हींचा खर्च समृद्ध लोकांनी केला. पैसा तोच, पण त्याने काय रंगवून घ्यायचे हे ज्याने त्याने ठरवले.

बंद झालेले बंदर

चित्रातील गजबज फार काळ टिकली नाही. परधर्माच्या प्रसाराबरोबर परकी सत्ता येईल, ही भीती जपानच्या राज्यकर्त्यांना होती. १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली आणि १६३९ मध्ये पोर्तुगीज जहाजांना दारे बंद झाली. पुढच्याच वर्षी मकावच्या व्यापाऱ्यांनी विनवणीसाठी दूतमंडळ पाठवले. त्यातील एकसष्ट जणांचा शिरच्छेद झाला आणि निरोप नेण्यापुरते तेरा जण परत पाठवले गेले. व्यापार राजकारणाच्या तोंडी लागला की पहिले मरण निरोप्यांचे असते.

त्याच संग्रहालयात असलेले संत फ्रान्सिस झेवियरचे चित्र ही या बंदीच्या काळाची साक्ष आहे. झेवियर १५४९ साली गोव्याहून निघून जपानला पोहोचला; त्याचे शव आजही जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये आहे. त्याचे हे चित्र ओसाकाजवळच्या डोंगरी खेड्यात गुप्तपणे श्रद्धा जपणाऱ्या एका कुटुंबाने पेटीत दडवून ठेवले होते. 'ही पेटी उघडायची नाही' एवढाच दंडक पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. १९२० साली पेटी उघडली तेव्हा चित्र बाहेर आले.

वाटणी न झालेली ठेव

हे चित्र आणि नाइझेनचा पडदा, दोन्ही कोबेत आणून ठेवणारा माणूस व्यापारी शहरातलाच होता. इकेनागा हाजिमे यांचा जन्म १८९१ सालचा. ज्या घरी ते दत्तक गेले, तेथून त्यांना मोठी संपत्ती मिळाली. वयाच्या पंचविशीत, क्योतोच्या विद्यापीठात शिकत असताना, त्यांनी वर्तमानपत्रात वाचले की वनस्पतिशास्त्रज्ञ माकिनो तोमितारो कर्जात बुडाले असून आयुष्यभर जमवलेले वनस्पतींचे नमुने विकायच्या बेतात आहेत. हे नमुने परदेशी जाण्याची भीती होती. त्या विद्यार्थ्याने तीस हजार येन देऊन ते सोडवले आणि ते माकिनो यांनाच अभ्यासासाठी उपलब्ध ठेवले.

पुढे जपानचा बाहेरच्या जगाशी आलेला संबंध दाखवणारी चित्रे आणि वस्तू त्यांनी जमवायला सुरुवात केली. बंदराच्या शहरातील मुलाला या विषयाची ओढ असणे साहजिक होते. त्या काळी या कलेला बाजारात फार मान नव्हता. परदेशी ग्राहक मात्र ती उचलून नेत होते. इकेनागा यांनी स्थावर मालमत्ता विकून खरेदी केली. १९४० साली स्वतःच्या खर्चाने संग्रहालय बांधून ते लोकांसाठी खुले केले. लवकरच युद्ध पेटले आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत कोबेचा बहुतेक भाग जळून गेला. संग्रह वाचला.

युद्धानंतरची परीक्षा निराळी होती. १९४६ साली जपान सरकारने मोठ्या संपत्तीवर नव्वद टक्क्यांपर्यंत कर बसवला. अनेक जुन्या घराण्यांच्या कोठ्या रिकाम्या झाल्या, जोडीतला एक पडदा एकाकडे आणि दुसरा दुसऱ्याकडे गेला. निघणारे जहाज एका घरात आणि पोहोचणारे दुसऱ्या घरात, असे झाले तर कथाच तुटते. तुकड्या-तुकड्याने विकले असते तर इकेनागा यांच्याही संग्रहाला गिऱ्हाइके मिळाली असती. त्यांनी तसे केले नाही. १९५१ साली इमारतीसह सगळा संग्रह त्यांनी अखंड कोबे शहराच्या स्वाधीन केला. चार वर्षांनी त्यांचे निधन झाले. तो संग्रह आज नगर संग्रहालयाचा गाभा आहे.

वाटणीचा प्रसंग कोणत्याही व्यापारी घराला नवा नाही. दुकान, जमीन, दागिने वाटता येतात. काही वस्तू मात्र वाटल्या की संपतात. जैसलमेर आणि पाटणच्या ज्ञानभंडारांतील ताडपत्री पोथ्या आज अभ्यासकांना मिळतात, कारण त्या कोणा एका वारसाच्या नावावर कधी राहिल्या नाहीत; त्या संघाच्या झाल्या. ज्ञानपंचमीला किंवा श्रुतपंचमीला त्या पोथ्या बाहेर काढून, झटकून, नवे वेष्टन घालून पुन्हा ठेवण्याची रीत आहे. जपानमध्येही पावसाळी दमटपणा सरल्यावर पडदे आणि चित्रे कोठीबाहेर काढून वाऱ्यावर ठेवण्याची जुनी पद्धत आहे. कीड मारण्यापेक्षा ती लागूच न देण्याचा हा मार्ग.

डोंगराच्या बाजूला

नाइझेनचा मूळ पडदा वर्षभर पाहायला मिळत नाही. प्रकाशाने रंग उतरतात, म्हणून तो थोड्याच दिवसांसाठी मांडला जातो. एरवी प्रतिकृतीवर समाधान मानावे लागते. ज्यांना मूळ पाहायचे असेल, त्यांनी प्रवासाच्या तारखा ठरवण्यापूर्वी संग्रहालयाकडे चौकशी करावी.

बाहेर पडल्यावर समोर जुन्या परदेशी वसाहतीच्या सरळ रेषेतल्या गल्ल्या आहेत. १८६८ च्या पहिल्या दिवशी कोबे बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले. १८९३ मध्ये जमशेदजी टाटा आणि निप्पोन यूसेन या कंपनीने मिळून मुंबई ते कोबे अशी जहाजसेवा सुरू केली. इंग्रजी कंपनीचे भाडे डोईजड झाले होते आणि जपानच्या गिरण्यांना मुंबईचा कापूस हवा होता. गोव्याचे जहाज बंद झाल्यावर अडीचशे वर्षांनी ही वाट पुन्हा चालू झाली, आणि या वेळी तिच्या खर्चात आणि नफ्यात भारतीय नाव होते. १९२३ च्या भूकंपाने योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तेथील कितीतरी भारतीय व्यापारी कोबेला आले. मोत्यांचे काम वाढले तशी जैन कुटुंबेही येथे स्थिरावली.

१७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबेची जमीन हादरली. सहा हजार चारशेहून अधिक माणसे गेली. शहर पुन्हा उभे राहिले. सान्नोमियाच्या उंच इमारतींतून वाट काढत डोंगराच्या बाजूला चढू लागले की घरे लहान होत जातात आणि रस्ता दमछाक करतो. कितानोच्या त्या चढावर थोड्या-थोड्या अंतराने परदेशी व्यापाऱ्यांची जुनी घरे, मशीद आणि महावीरस्वामींचे मंदिर आहे.

मंदिराच्या पायरीवरून मागे वळून पाहिले तर इमारतींच्या फटीतून समुद्राचा तुकडा दिसतो. तेथे अजूनही जहाजे ये-जा करतात. कोणत्या जहाजात काय भरले आहे, हे एवढ्या उंचीवरून कळत नाही. ते जहाज भरणाऱ्यालाच माहीत असते, आणि त्याचा हिशेबही त्यालाच ठेवावा लागतो. पादत्राणे बाहेर काढून, हात धुऊन यात्रेकरू आत जातो. गाभाऱ्यातील मूर्तीच्या शांत मुद्रेपुढे तो हिशेब तपासायला थोडा निवांतपणा मिळतो.